सार्डिनियाच्या डोंगरांतलं कोलंबाइन: एका बेटावर इतक्या प्रजाती आल्या कशा?

इटलीच्या पश्चिमेला, भूमध्य समुद्रात सार्डिनिया नावाचं मोठं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे 24,000 चौरस किलोमीटर, त्यातला बराचसा भाग डोंगराळ. मध्य-पूर्वेला जेनार्जेंतू नावाचा डोंगरसमूह आहे आणि त्याचं सर्वांत उंच टोक 1,834 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा फक्त 188 मीटरनी जास्त. या डोंगरांतल्या ओढ्यांच्या काठी आणि ओलसर सावलीत, साधारण 800 ते 1,400 मीटर उंचीवर, उन्हाळा सुरू होताना एक पांढरं फूल मान खाली घालून उमलतं. हे कोलंबाइन या फुलझाडाच्या एका प्रजातीचं फूल, आणि तिचं शास्त्रीय नाव अ‍ॅक्विलेजिया बार्बारिचिना. बार्बाजा या तिथल्या डोंगराळ मुलखावरून ते पडलं. जगात हे झाड दुसरीकडे कुठेही रानात उगवत नाही.

एका बेटावर एक वेगळं फूल असणं नवलाचं नाही. पण याच बेटावर, थोड्याशा अंतरावर, कोलंबाइनच्या आणखी प्रजाती आहेत आणि त्याही फक्त तिथल्याच. नुओरो भागात आढळणारी नुगोरेन्सिस आहे. सुप्रामोंते या चुनखडकाच्या डोंगरात, गोरोप्पू नावाच्या खोल घळीच्या कड्यावर वाढणारी नुराजिका आहे. त्याच परिसरातल्या कड्यांवरची क्रेम्नोफिला तर 2012 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदली गेली. शेजारच्या कॉर्सिका बेटावर बर्नार्डी आणि लितार्दिएरी या आणखी दोन. एवढ्याशा जागेत एवढी विविधता कशी तयार झाली, आणि ज्या कारणानं ती तयार झाली त्याच कारणानं ती आज धोक्यात का आहे, हे समजून घ्यायचं असेल तर आधी फूल नीट पाहायला हवं.

फुलाच्या मागच्या पाच नळ्या

कोलंबाइन म्हणजे अ‍ॅक्विलेजिया या वंशातली झाडं. जगात त्यांच्या साधारण 70 प्रजाती, सगळ्या उत्तर गोलार्धात. फूल बघितल्यावर बाहेर पसरलेल्या पाच रंगीत पाकळ्या दिसतात, पण त्या पाकळ्या नाहीत. ती निदलं आहेत, म्हणजे कळीवरचं बाहेरचं आवरण. बहुतेक फुलांत ते हिरवं असतं, इथे ते रंगलेलं आहे. खऱ्या पाकळ्या आतल्या पाच, आणि त्यातली प्रत्येक पाकळी मागच्या बाजूला एका पोकळ नळीत ओढली गेलेली असते. वनस्पतिशास्त्रात या नळीला शुंडिका म्हणतात. नळीच्या अगदी टोकाला मकरंद साठतो.

अशी नळी आपल्याला अनोळखी नाही. तेरड्याच्या फुलामागे बारीक वाकडी शेपटी असते ती हीच गोष्ट. आणि उत्तर सह्याद्रीच्या उंच गडांवर पावसाळा सरताना निळवंती फुलते, तिच्यामागेही अशी एक नळी असते. तेरडा कोलंबाइनचा नातेवाईक नाही, पण निळवंती आहे. ती आणि कोलंबाइन दोघी एकाच कुळातल्या, आणि आपली रानमोरवेलही त्याच कुळातली. फरक एवढाच की निळवंतीच्या मागे एकच नळी दिसते, कोलंबाइनच्या मागे पाच.

या नळीनं कोलंबाइनच्या वंशाचं नशीब बदललं. मकरंद खोल ठेवला की तो फक्त पुरेशा लांब जिभेच्या पाहुण्यालाच मिळतो. युरोपातल्या बहुतेक कोलंबाइनच्या नळ्या आखूड आणि टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या असतात, कारण तिथले मुख्य पाहुणे आहेत बंबलबी, म्हणजे थंड हवेतल्या केसाळ, गुबगुबीत मधमाश्या. बंबलबी उलट्या लोंबणाऱ्या फुलाला खालून चिकटते आणि नळीत जीभ घालते. त्या वेळी तिचं पोट खाली लोंबणाऱ्या पुंकेसरांवर घासतं, आणि परागकण घेऊन ती पुढच्या फुलावर जाते. आखूड जिभेच्या काही बंबलबी मात्र नळीला बाहेरून छिद्र पाडतात आणि मध पळवतात. झाडाला त्यांचा काहीच उपयोग होत नाही.

अमेरिकेत हेच झाड पोचल्यावर वेगळं घडलं. तिथे हमिंगबर्ड होते, तांबड्या फुलांच्या कोलंबाइन त्यांच्याशी जुळल्या. मग लांब सोंडेचे हॉक मॉथ जातीचे पतंग, त्यांच्यासाठी फिकट आणि फार लांब नळीची फुलं तयार झाली. लोंगिसिमा नावाच्या प्रजातीची नळी तर दहा सेंटिमीटरच्याही पुढे जाते. कॅलिफोर्नियातले संशोधक जस्टिन व्हिटॉल आणि स्कॉट हॉजेस यांनी 2007 मध्ये दाखवलं की ही लांबी सावकाश सरकत वाढली नाही. पाहुणा बदलला की नळीही बदलली, म्हणजे मधमाशीकडून पक्ष्याकडे आणि पक्ष्याकडून पतंगाकडे अशा टप्प्यांनी. नळी लांब होते तरी कशी? 2011 मधल्या अभ्यासाचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. आखूड आणि लांब नळीत पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, लांब नळीतल्या पेशी फक्त जास्त ताणल्या जातात. फुलाला नवं काही बांधावं लागलं नाही, आहे तेच लांबवलं. म्हणूनच या वंशात इतके झटपट बदल झाले असावेत. चीनमध्ये नळीच नसलेली एक प्रजाती आहे, तिचा नळीवाल्या प्रजातीशी संकर करून 2020 मध्ये नळीच्या वाढीसाठी गरजेचं एक जनुकही सापडलं.

पण सार्डिनियाला हे स्पष्टीकरण पुरत नाही. तिथे ना हमिंगबर्ड आहेत, ना लांब नळ्यांची शर्यत. तिथल्या कोलंबाइन एकमेकींपासून वेगळ्या झाल्या त्याचं कारण फुलापेक्षा बीमध्ये जास्त आहे.

बी दूर जात नाही

परागण झाल्यावर लोंबणारा देठ सरळ होतो आणि फळ आकाशाकडे तोंड करून उभं राहतं. फळ म्हणजे शेंगेसारख्या साधारण पाच पेट्या एकत्र. पिकल्यावर त्या वरच्या टोकाला उघडतात. आत काळं, गुळगुळीत, चकचकीत बी असतं. वारा आला की झाड हलतं आणि मीठदाणीतून मीठ पडावं तसं बी बाहेर सांडतं. बस, एवढंच. त्याला रुईसारखे केस नाहीत, पंख नाहीत, आघाड्यासारखे चिकटणारे काटे नाहीत, पक्ष्याला खावासा वाटेल असा गर नाही. बहुतेक बी आईपासून हाताच्या अंतरावर पडतं. क्वचित ओढ्याच्या पाण्यात वाहून थोडं खाली जातं, पण पाणी उताराकडे जातं, पलीकडच्या डोंगरावर नाही.

त्यात बी जमिनीत पडतं तेव्हा त्यातला गर्भ पूर्ण वाढलेला नसतो. बीच्या आतच त्याला आधी वाढावं लागतं आणि त्यासाठी ठरावीक ऋतुचक्र लागतं. मग थंडी सोसावी लागते. त्यानंतर कुठे अंकुर. या काळात जागा सुकली, तुडवली गेली किंवा उकरली गेली की त्या वर्षाची पिढी गेली.

परागकणही फार लांब जात नाहीत. बंबलबी काही किलोमीटर उडू शकते, पण दोन वस्त्यांच्या मध्ये उन्हानं तापलेली, कोरडी, फुलं नसलेली दरी असेल तर ती ओलांडायचं तिला कारण नसतं. त्यामुळे एका डोंगरावरच्या झाडांचं जनुकीय द्रव्य पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरावर फिरत राहतं.

पाणी आणि उन्हाळा

ही अडचण समजायला तिथलं हवामान पाहायला हवं. आपल्याकडे उन्हाळ्यानंतर पाऊस येतो. भूमध्य समुद्राच्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. कोलंबाइन हे थंड, ओलसर मुलखातलं झाड, त्याचं मूळ आशियात. अशा झाडाला भूमध्य उन्हाळा काढायचा तर तीनच जागा उरतात: न आटणारा ओढा, उंच डोंगर, किंवा उत्तरेकडे तोंड असलेला, सावलीतला, पाझरणारा कडा. सार्डिनियाची कोलंबाइन नेमक्या याच जागी आहेत. बार्बारिचिना ओढ्याकाठी, नुराजिका आणि क्रेम्नोफिला कड्यांवर. या ओल्या जागांच्या मध्ये कोरडा प्रदेश पसरलेला आहे, आणि कोलंबाइनला तो समुद्रासारखाच अडवतो. बेटाच्या आत अशी अनेक छोटी बेटं आहेत.

पण मग ही झाडं मुळात तिथे आली कशी? सार्डिनिया आणि कॉर्सिका हा भूखंड सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आजच्या दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यापासून सुटू लागला आणि फिरत फिरत आजच्या जागी आला. कोलंबाइन तेव्हा त्यावर बसून आली असतील असं वाटणं साहजिक आहे, पण काळ जुळत नाही. जनुकांच्या तुलनेवरून युरोपातल्या कोलंबाइनचा फुटवा गेल्या दहा-वीस लाख वर्षांतला ठरतो. म्हणजे भूखंड सुटल्यावर कितीतरी नंतरचा. हा काळ हिमयुगांचा होता. हिमयुगात पाणी बर्फात अडकायचं आणि समुद्राची पातळी खाली जायची, शेवटच्या मोठ्या थंडीत सुमारे 120 मीटर. त्या वेळी कॉर्सिका आणि सार्डिनिया यांच्यामधली उथळ, जेमतेम दहा-बारा किलोमीटरची सामुद्रधुनी कोरडी पडून दोन्ही बेटं एक झाली होती. थंडीमुळे आज डोंगरमाथ्यांवर असलेल्या वनस्पती तेव्हा खाली, पायथ्याच्या ओलसर जमिनीतही टिकू शकत होत्या. म्हणजे पसरायला वाट होती.

मग हवा तापली. पाणी वर आलं. सपाटीवरची कोलंबाइन उन्हाळ्यात सुकली, आणि जी उंचावर, घळीत, कड्यावर होती तीच उरली. पुढच्या हिमयुगात पुन्हा थोडा प्रसार, पुन्हा माघार. दर माघारीत वेगवेगळ्या डोंगरांवर वेगवेगळे लहान गट अडकले. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला निलगिरी आणि अण्णामलईच्या शोला जंगलांत, म्हणजे उंचावरच्या दमट, गर्द जंगलांत, हेच झालं आहे. पालघाटच्या खिंडीच्या दोन बाजूंना एकाच मुळातून आलेले पक्षी आणि बेडूक आज वेगळ्या प्रजाती आहेत. शेकडो मैल समुद्र लागतोच असं नाही, एक उष्ण दरी पुरते.

लहान गटात काय होतं

एका डोंगरावर 10,000 झाडं आहेत असं धरू. त्यातल्या एका झाडात फुलाचा रंग फिकट करणारा एक बदल झाला. इतक्या गर्दीत तो बहुधा हरवून जाईल. आता दुसऱ्या डोंगरावर फक्त 12 झाडं आहेत असं धरा. त्यातल्या एका झाडाला त्या वर्षी खूप बी आलं आणि बाकीच्यांना नाही, तर पुढच्या पिढीत त्या झाडाचे गुण एकदम वरचढ ठरतात. ते गुण जास्त चांगले होते म्हणून नाही, निव्वळ योगायोगानं. जीवशास्त्रात याला जनुकीय विचलन म्हणतात. त्यात कड्यावर टिकायला लागणारी मुळं, ओढ्याकाठच्या सावलीतली मोठी पानं अशी निवड जागा स्वतः करतेच. योगायोग आणि जागेची निवड दोन्ही मिळून काही हजार पिढ्यांत एका डोंगरावरचं झाड पलीकडच्यापेक्षा वेगळं दिसायला लागतं.

म्हणजे नवी प्रजाती घडायला गट लहान आणि एकटा असावा लागतो. आणि नष्ट व्हायलाही नेमकं तेच पुरतं. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. आपण दुर्मिळ झाडाबद्दल बोलताना ते आधी भरपूर होतं आणि माणसानं कमी केलं असं गृहीत धरतो. पुष्कळदा ते खरं असतं. पण सार्डिनियाची कोलंबाइन मुळातच थोडी आहेत, थोडी आहेत म्हणूनच ती वेगळी झाली. त्यामुळे त्यांच्याकडे चुकीला जागाच नाही.

नुराजिकाचं उदाहरण घ्या. तिची ओळखलेली वस्ती गोरोप्पूच्या उभ्या कड्यावर, जेमतेम 50 चौरस मीटर जागेत, आणि झाडं 10 ते 15 च्या आसपास. दहा-पंधरा झाडांत जवळच्या नात्यातच परागण होतं. कोलंबाइनला स्वतःच्या परागानं बी धरता येतं, पण उत्तर अमेरिकेतल्या कॅनडेन्सिस या प्रजातीवरच्या अभ्यासात दिसलं की अशा बीपासून आलेली रोपं फारशी टिकत नाहीत. म्हणजे फळं भरलेली दिसली तरी पुढची पिढी घडेलच असं नाही. 2005 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी भूमध्य समुद्रातल्या बेटांवरच्या सर्वांत संकटग्रस्त 50 वनस्पतींची यादी काढली, त्यात नुराजिका आणि बार्बारिचिना दोन्ही होत्या.

खरंच वेगळ्या प्रजाती की एकाच प्रजातीचे प्रकार?

यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. बार्बारिचिना, नुगोरेन्सिस आणि नुराजिका या तिन्ही 1970 च्या दशकाच्या शेवटी पिएर व्हिर्जिलिओ आरिगोनी आणि एनिओ नार्दी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्णिल्या. नार्दींनी पुढे इटलीभरच्या कोलंबाइनचा बारकाईनं अभ्यास केला. काही जणांना अशी विभागणी फार बारीक वाटते, कारण कोलंबाइनच्या प्रजाती आपापसांत सहज संकर करतात आणि संकरित झाडांनाही बहुधा सुपीक बी येतं. त्यांना वेगळं ठेवतात ते डोंगर, अंतर आणि फुलण्याची जागा. मला वाटतं, नाव एक असो की चार, त्या झाडांचा वेगळा इतिहास तर तोच राहतो. जपायचं आहे ते तो इतिहास.

संकराची ही सोय धोक्याचीही आहे. बागेत लावायची कोलंबाइन युरोपभर विकली जातात. अशी झाडं रानातल्या वस्तीजवळच्या घरात लावली आणि बंबलबी दोन्हीकडे गेली, तर पाच-पंचवीस रानटी झाडांत बागेतली जनुकं भराभर मिसळतील. झाड मेलेलं नसेल, पण डोंगरावरचं मूळचं झाडही उरलेलं नसेल.

मेंढ्या, डुकरं आणि कागदावरचं उद्यान

सार्डिनियात माणसं सुमारे 16 लाख आणि मेंढ्या त्याच्या जवळजवळ दुप्पट. पेकोरीनो चीज त्यांच्याच दुधाचं. ओढ्याकाठी हिरवळ असते तिथेच मेंढी जाते, आणि बार्बारिचिना तिथेच असते. मेंढी फुलाचा दांडा खाते, म्हणजे त्या वर्षाचं बी गेलं. शिवाय रानडुकरं आणि मोकळी फिरणारी डुकरं ओल्या जमिनीत नाक खुपसून उकरतात. उन्हाळ्यातले वणवे आहेत. आणि फूल देखणं असल्यामुळे ते तोडणारे, मुळासकट नेणारेही आहेत.

मग कुंपण घाला, उद्यान करा, असं म्हणणं सोपं आहे. 1998 मध्ये जेनार्जेंतू आणि शेजारच्या ओरोसेई आखाताचं राष्ट्रीय उद्यान घोषित झालंही. पण तिथल्या गावांची चराईची जमीन पिढ्यान्‌पिढ्या सामाईक आहे. आपले हक्क जातील या भीतीनं लोकांनी जोरदार विरोध केला आणि उद्यान प्रत्यक्षात उभं राहिलंच नाही. या विरोधाला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. मेंढपाळांना सोबत घेतल्याशिवाय त्या ओढ्याकाठचं काहीच टिकणार नाही. एका विशिष्ट ओढ्याच्या काठी, फुलण्यापासून बी सांडेपर्यंतचे थोडे आठवडे कळप दुसरीकडे नेणं हे लोकांशी बोलून शक्य आहे, आणि पूर्ण डोंगर बंद करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

दुसरं काम कालियारी शहरात चालतं. तिथल्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सार्डिनियाच्या दुर्मिळ झाडांची बीजपेढी आहे. कोलंबाइनचं बी वाळवून, शून्याखाली पुष्कळ खाली तापमानाला वर्षानुवर्षं ठेवता येतं. अडचण ते उगवताना येते, कारण आतला गर्भ आधी वाढवावा लागतो. कोणत्या वस्तीच्या बीला किती दिवस ऊब आणि किती दिवस थंडी लागते, हे प्रयोगांनीच शोधावं लागतं. ओढ्याकाठच्या झाडाची गरज आणि कड्यावरच्या झाडाची गरज एकच असेल असं नाही. तापमान वाढत चाललं तर हिवाळ्याची थंडी कमी पडेल आणि उन्हाळ्याचा कोरडेपणा वाढेल. तेव्हा झाडांना आणखी वर सरकायला 1,834 मीटरच्या पुढे डोंगरच नाही.

कोलंबाइन प्रत्यक्ष पाहायची असेल तर त्यासाठी युरोपात जायची गरज नाही. आपल्या हिमालयात तिच्या काही प्रजाती आहेत. काश्मीर आणि हिमाचलात फिकट पांढरी, सुगंधी फ्रॅग्रन्स आहे, आणि पश्चिम हिमालयात जांभळट पुबिफ्लोराही आढळते. उन्हाळ्यात तिकडे ट्रेकला जाणाऱ्यांनी ओढ्याकाठी आणि जंगलाच्या कडेला, मान खाली घातलेल्या आणि मागे पाच नळ्या असलेल्या फुलाकडे लक्ष द्यावं. फोटो फुलासमोरून न काढता बाजूनं काढा, कारण प्रजाती ओळखायला नळीची लांबी आणि तिच्या टोकाचा आकडा दिसावा लागतो. शक्य असेल तर पानाचा आणि फळाचाही फोटो घ्या. बी मात्र खिशात घालून आणू नका. सह्याद्रीच्या पायथ्याच्या उकाड्यात ते उगवायचं नाही, आणि जिथून आणलं त्या वस्तीला त्याची गरज असते.